डोंगरावरची घंटी

जानेवारी लागला की आमच्या रस्त्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानाचं रूप पालटतं. दिवाळीचे कंदील कधीच उतरलेले असतात, होळीच्या पिचकाऱ्यांना अजून अवकाश असतो. मधल्या त्या मोकळ्या दिवसांत दोरीला टांगलेली दिसतात तयार ‘वर्किंग मॉडेल्स’. पवनचक्की, ज्वालामुखी, पावसाचं पाणी साठवणारं पुठ्ठ्याचं घर. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. परवा संध्याकाळी पेन घ्यायला गेले, तर पुढे एक बाई उभी होती. ऑफिसातून थेट आलेली, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

“सायन्स एक्झिबिशनसाठी काहीतरी दाखवा ना. उद्याच द्यायचंय.”

“कितवीला आहे?”

“आठवीला. जरा मोठं दिसेल असं द्या.”

दुकानदाराने काठीने पवनचक्की खाली काढली, बटण दाबलं, पाती गरगरली. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. “चला, एक काम झालं.”

मला तिचा राग आला नाही. उलट वाटलं, बरं आहे. पवनचक्की फिरेल, मुलाला मार्क मिळतील, मार्चमध्ये ती माळ्यावर जाईल आणि कुणाचं काही बिघडणार नाही. पण दुकानातला तो डिंकाचा, पुठ्ठ्याचा, नव्या वायरीच्या रबराचा वास नाकात बसला तो बसलाच. घरी पोचेपर्यंत मी नववीत जाऊन बसले होते.

आमची शाळा घाटकोपरची, मराठी माध्यमाची. दरवर्षी एखादी तुकडी कमी व्हायची आणि रिकाम्या झालेल्या वर्गात मोडके बाक जाऊन पडायचे. विज्ञानाला पाटकर मॅडम होत्या. किडकिडीत, चिडक्या, पण प्रयोगशाळेच्या किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये घेऊन फिरणाऱ्या. त्या वर्षी कुठल्याशा संस्थेने शाळाशाळांतल्या मुलांसाठी एक स्पर्धा जाहीर केली. पाठ केलेलं बोलायचं नाही, चार्ट लावायचे नाहीत. आपल्या घराच्या आसपास एखादी अडचण शोधायची, ती सोडवणारी वस्तू स्वतःच्या हाताने करायची, वापरून बघायची, बिघडली की सुधारायची. मॅडमना ही कल्पना फारच आवडली. वर्गात येऊन त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं आणि म्हणाल्या, “चाललं म्हणून सांगायला येऊ नका. कुठे बंद पडलं ते सांगायला या.”

सुजाता गवई माझ्या बाकावर बसायची. काळीसावळी, उंच, कपाळावर कायम एक बट. तिची माणसं मूळची बुलढाण्याकडची. वडील स्कूलबस चालवायचे, आई चेंबूरच्या एका हॉस्पिटलात आया होती. घर डोंगरावर. घाटकोपर पश्चिमेला डोंगर आहे हे खाली राहणारे आम्ही फक्त पावसाळ्यात लक्षात ठेवायचो, तेही तिकडून गढूळ पाणी आमच्या गल्लीत आलं की.

“मॅडम, आमच्या मागे भिंत आहे,” सुजाता म्हणाली. “डोंगराची माती अडवायला बांधलेली. तिला भेग गेलीये.”

“अगं, भिंत काय आपण बांधू शकणार आहोत?”

“बांधायची नाही मॅडम. ती कधी पडणार ते आधी कळलं पाहिजे.”

मॅडमनी वही उघडून तिचं नाव लिहिलं. मग म्हणाल्या, “जोडीदार कोण?” सुजाताने माझं नाव सांगून टाकलं. मला विचारलंही नाही.

पहिल्यांदा तिच्या घरी गेले तो रविवार अजून डोळ्यांपुढे आहे. पायऱ्या चढताना एकेका दारातून वेगळा वास यायचा. सुक्या बोंबलाचा, उदबत्तीचा, कपड्यांच्या साबणाचा. घर एका खोलीचं, पण लख्ख. फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्याशेजारी सुजाताला चित्रकलेत मिळालेला कप. मागचं दार उघडलं की हात लांब केला तर भिंतीलाच लागायचा. भिंत काळी, शेवाळलेली, दोन माणसं उंच. तिच्यातून वर गेलेली भेग मी पाहिली. सुजाताने त्या भेगेत आपला तळहात आडवा घातला.

“मागच्या पावसाआधी बोट जायचं,” ती म्हणाली.

तिची आई आतून म्हणाली, “काढ तो हात. विंचू असतो तिथं.”

आम्ही जे बनवलं ते सांगताना आजही मला हसू येतं, इतकं ते साधं होतं. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. त्याच्या दोन्ही जबड्यांना तांब्याची तार गुंडाळलेली. मध्ये प्लॅस्टिकचा एक तुकडा अडकवलेला, म्हणजे तारा एकमेकींना टेकणार नाहीत. चिमटा भेगेच्या या बाजूला घट्ट ठोकायचा, प्लॅस्टिकच्या तुकड्याला दोरा बांधून तो भेगेच्या त्या बाजूच्या खिळ्याला ताणून बांधायचा. भेग रुंदावली की दोरा ओढला जाणार, तुकडा निसटणार, जबडे मिटणार, तारांना तारा लागणार आणि घरातली घंटी वाजणार. घंटी म्हणजे सुजाताच्या मामाच्या दाराची जुनी बेल. चिमणीसारखी चिवचिवायची. एवढ्या मोठ्या संकटाला एवढासा आवाज, म्हणून आम्ही पोटभर हसलो होतो.

हसणं पहिल्याच आठवड्यात संपलं. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे आम्ही टबात मातीचा उतार रचला, विटांची भिंत केली आणि वरून तांब्याने पाणी ओतत बसलो. माती खचली, भिंत कलली, घंटी गप्प. दोरा भिजून सैल पडला होता. मग नायलॉनचा घेतला, तो उन्हात ताणला गेला. मग सायकलच्या ब्रेकची तार. ती चालली, पण कावळा बसला तरी घंटी वाजायची. मग तारेवर पाइपचा तुकडा चढवला. रोज सकाळी शाळेआधी आम्ही तिथे असायचो. हवेत गारवा, दूरवर धुरकं, हाताला चिखल, नखांत चिखल, सोल्डरिंगच्या धुराने झोंबणारे डोळे. मॅडम स्वेटर घालून शेजारी उभ्या. ज्या दिवशी भिंत कलायला लागताच चिमणी चिवचिवली, त्या दिवशी त्या फक्त म्हणाल्या, “पुन्हा करा.” आम्ही पुन्हा केलं. पुन्हा चिवचिवली. मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला.

माझ्या आयुष्यात त्याहून सुखाची सकाळ आली असेल, पण मला आठवत नाही.

स्पर्धा मुलुंडच्या एका मोठ्या शाळेत होती. तिथल्या हॉलला एसी होता आणि आम्ही आमचा टब, माती, विटा रिक्षातून उतरवल्यावर तिथल्या शिपायाने आधी खाली वर्तमानपत्र पसरायला लावलं. शेजारच्या टेबलावर झाकण आपोआप उघडणारा कचऱ्याचा डबा होता. निळे दिवे लागायचे. त्याच्याबरोबरची मुलं चुणचुणीत होती, पण डब्यातली वायर निघाली तेव्हा त्यांनी ती जोडली नाही, फोन केला. थोड्या वेळाने एक तरुण सर आले आणि जोडून गेले.

परीक्षक आमच्यापुढे आले. उंची शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आवाज गोड.

“व्हेरी नाइस. पण सेन्सर कुठाय बेटा?”

सुजाताने चिमट्याकडे बोट दाखवलं. “हा आहे ना सर.”

मागे कुणीतरी हसलं. परीक्षकही हसले, पण वाईट नव्हे, कौतुकानेच. “आणि मोबाइलवर मेसेज जातो का?”

“नाही सर. घंटी वाजते.”

“वाजल्यावर काय करायचं?”

“पळायचं,” सुजाता म्हणाली.

आता सगळेच हसले. मी तिच्याकडे पाहिलं. ती गंभीर होती. तिने उत्तर दिलं होतं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती. पुढचा प्रश्न आलाच नाही. ती भिंत कुठे आहे, तिच्याखाली किती घरं आहेत, कुणाला कळवलंय का, हे त्या गोड माणसाने विचारलं नाही. आम्ही दाखवली ती भिंत त्यांच्या लेखी टबातलीच होती.

पहिलं बक्षीस कचऱ्याच्या डब्याला गेलं. आम्हाला उत्तेजनार्थ, ‘टाकाऊतून टिकाऊ’ या गटात. परत येताना रिक्षात मॅडम बाहेर बघत होत्या. घाटकोपर आल्यावर एवढंच म्हणाल्या, “टाकाऊ म्हणे.”

बहुतेकांचा प्रोजेक्टचा सीझन तिथे संपतो. वस्तू माळ्यावर जाते, माणसं परीक्षेला लागतात. आमचा संपला नाही. सुजाताने तो चिमटा नेला आणि खऱ्या भिंतीवर ठोकला. एकच नाही, ओळीने तीन ठिकाणी, सगळ्यांच्या तारा एका घंटीला जोडून. तिची आई कावली. “वार्षिक परीक्षा आली न् हे काय करून राहिली तू?” शेजारच्या शिंदे मामी दारात भांडी घासत म्हणाल्या, “लावू दे गं. निदान उंदीर तरी पळतील.” दर रविवारी सुजाता स्टुलावर चढून चिमटे तपासायची, तारा पुसायची. मे महिन्यात बॅटरी बदलली. पाऊस सुरू झाल्यावर वरून प्लॅस्टिक बांधलं.

जुलैत एक आठवडा असा आला की आभाळ उघडलंच नाही. शाळा दुपारीच सोडली. मी सुजाताबरोबर तिच्या घरी गेले होते, माझी वही तिच्याकडे राहिली होती म्हणून. तिची आई कामावरून नुकतीच आलेली, केस पुसत होती. मामींच्या घरून फोडणीचा खकाणा येत होता. आणि घंटी वाजली.

पहिल्यांदा आम्हा दोघींनाही कळलं नाही. चिमणीच वाटली. मग सुजाताने मागचं दार उघडून पाहिलं, एका चिमट्याचे जबडे मिटले होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सुजाता हातात पळी आणि ताट घेऊन पायऱ्यांवर उभी, जिवाच्या आकांताने ताट बडवतेय. “बाहेर या! सगळे बाहेर या! भिंत हललीये!” तिची आई एका म्हाताऱ्या बाईंना दंडाला धरून खाली आणतेय. मी कुणाचं तरी तान्हं बाळ कडेवर घेतलंय आणि ते माझा कान ओढतंय. मामी कणकेने भरलेल्या हातांनी दारात उभ्या राहून ओरडतायत, “खरंच गं? खरंच?” शेवटी सुजाताने त्यांना अक्षरशः ओढलं.

खालच्या विहारात सगळे जमलो. भिजलेल्या माणसांचा, ओल्या चटयांचा वास. वेळ जात राहिला. काहीच झालं नाही. पाऊसही जरा ओसरला. कुणीतरी म्हणालं, “गॅस चालू राहिलाय माझा.” कुणीतरी म्हणालं, “पोरीच्या नादाला लागून सगळं टाकून आलो.” मामींनी वाळलेली कणीक बोटांवरून खरवडत म्हटलं, “सुजाते, भिंत पडली नाही तर आज तुझी खैर नाही बघ.” त्यावर लोक हसले. एक काका उठून छत्री शोधायला लागले.

मग आवाज झाला. तो गडगडाट नव्हता. खूप मोठं कुणीतरी दीर्घ उसासा टाकतं ना, तसा. त्यामागून पत्रे चुरगळल्याचा कर्कश आवाज. आणि मग पुन्हा नुसता पाऊस.

कुणीही मेलं नाही. मागची पूर्ण रांग मातीखाली गेली, सुजाताचं घर, मामींचं घर, बुद्धाची मूर्ती, चित्रकलेचा कप, आणि कुणीही मेलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. कॅमेरेवाले आले. चिखलात उभी राहून सुजाताने चिमटा कसा लावला ते सांगितलं, एकाने तिला ते तीन वेळा सांगायला लावलं कारण मागे कुत्रा भुंकत होता. ज्या शाळेने स्पर्धेला जायची रिक्षासुद्धा मॅडमवर सोडली होती, तिने फाटकावर आम्हा दोघींच्या फोटोचा बॅनर लावला. स्पर्धावाल्यांनी बोलावून शाल दिली. तेच परीक्षक होते. माइकवर म्हणाले, “मी तेव्हाच ओळखलं होतं.” पुढल्या वर्षीच्या त्यांच्या जाहिरातीवर चिमटा छापलेला होता.

मग एक दिवस जीपमधून साहेब लोक आले. वर चढले, छत्र्या धरून इकडेतिकडे बघितलं आणि पडलेली रांगच नव्हे, तर तिच्या वरच्या आणि खालच्या रांगाही धोकादायक म्हणून ठरवून गेले. जी घरं उभी होती, ज्यांत स्वयंपाक चालू होता, तीही. सगळ्यांना तात्पुरतं हलवायचं ठरलं. गोवंडीच्या पलीकडे, कचऱ्याच्या डोंगरापासून जवळच, संक्रमण शिबिराच्या इमारती होत्या. एकमेकींना इतक्या चिकटून की दोन इमारतींच्या मध्ये ऊनही खाली उतरत नसे. सुजाताला सहावा मजला मिळाला. लिफ्ट होती, पण चालत नव्हती.

मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा जिन्यात मामी भेटल्या. दोन्ही हातांत पाण्याच्या कळश्या. मला बघून थांबल्या, धापा टाकत म्हणाल्या, “तुझ्या मैत्रिणीने वाचवलं हो आम्हाला. आता म्हणावं पाणी पण आणून दे वर.” आणि हसल्या. ते हसणं मला विहारातल्या हसण्यापेक्षा फार निराळं वाटलं.

ज्यांची घरं पडली नव्हती, ती माणसं तर सुजाताशी बोलतच नव्हती. घंटी वाजली नसती तर कुणी आलं नसतं, कुणी बघितलं नसतं, आम्ही आमच्या जागी राहिलो असतो, असा त्यांचा हिशेब. त्यांच्याशी वाद घालता आला असता, पण सुजाताने कधी घातला नाही. ती तेव्हा दहावीत होती. बसने शाळेत यायची, पहिला तास नेहमी बुडायचा. दिवाळीनंतर तिची आई खोकायला लागली. त्या बाजूला कचरा पेटला की खिडकीतून धूर येतो आणि खिडकी लावली तर घरात श्वास घेता येत नाही. हॉस्पिटलातली नोकरी आईने सोडली, कारण तिलाच रुग्ण म्हणून सारखं तिथे जावं लागायला लागलं. सुजाताने दहावी दिली, चांगली पास झाली. डिप्लोमाचं बोलायची, बोलायची, मग बोलेनाशी झाली. आज ती एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. हात हलका आहे, लोक तिचंच नाव घेऊन येतात.

इंजिनिअर मी झाले. अंधेरीच्या एका ऑफिसात बसते, उतारावरच्या बांधकामांचे नकाशे बघते. आणि आता कळतं म्हणून जास्त लागतं. डोंगर अडवायला काय लागतं हे मला ठाऊक आहे. पाणी निघून जायला भिंतीत पाइप ठेवावे लागतात, पाठीमागे खडीचा थर लागतो, पाया खोल लागतो. ते शास्त्र नवं नाही, दुर्मीळ नाही, त्या काळीही या शहरात जागोजाग वापरलं जात होतं. अडचण शोधा, म्हणून आम्हाला सांगितलं होतं. सुजाताने खरी शोधली. पण अडचण भिंतीची होती आणि आमच्या हातात होता चिमटा. भिंत बांधणं हे नववीतल्या मुलींचं काम नव्हतं. मोठ्यांचं होतं, आणि मोठे हॉलमध्ये गळ्यात ओळखपत्र घालून आम्हाला विचारत होते, सेन्सर कुठाय.

पाटकर मॅडम निवृत्त झाल्या. एकदा भाजीच्या गाडीपाशी भेटल्या होत्या. मी म्हटलं, “मॅडम, आता स्पर्धेला मुलं नेत नाही का कुणी?” कोथिंबीर निवडत त्या म्हणाल्या, “मी त्यानंतर नेलीच नाहीत. मुलं खरं काम करतात गं. मला भीती वाटायला लागली.” शाळेत आता मराठीचा एकच वर्ग उरलाय, तोही जाईल म्हणतात.

मागच्या पावसाळ्यानंतर मी त्या डोंगराखालून गेले. ऑफिसच्या कामासाठीच. जिथे पायऱ्या सुरू व्हायच्या तिथे आता उंच इमारतीचं फाटक आहे. बाल्कन्यांतून हिरवा डोंगर दिसतो म्हणे, जाहिरातीतही तसंच आहे. आणि इमारतीपाठी भिंत आहे. मी मान वर करून पाहत राहिले. सरळ, रुंद, पाणी काढायला ओळीने पाइप, वरच्या खडकाला पोलादी जाळी. कामात कुठेही चूक नाही. असं काम बघून एरवी मला आनंद होतो.

तिथूनच सुजाताकडे गेले. तात्पुरतं म्हणून गेलेली ती माणसं अजून तिथेच आहेत. तिची आई पलंगावर उशीला टेकून बसली होती, शेजारी वाफेचं यंत्र. मला बघून खूश झाली. सुजाता आत चहा टाकत होती.

“आज आपल्या तिकडं गेलती म्हणे?” आई म्हणाली. आवाज बारीक झालाय, एकेका शब्दाला थांबावं लागतं.

“हो काकू.”

“ती भिंत बांधली का मग त्यांनी?”

मी सुजाताकडे पाहिलं. तिने गॅस बारीक केला.

“बांधली,” मी म्हटलं.

“चांगली? मजबूत?”

“खूप मजबूत.”

आईने समाधानाने मान हलवली. थोडा वेळ दम खाल्ला, मग पदर सारखा करत लेकीला हाक मारली.

“ऐकलं का वं सुजाता? भिंत झाली. आता बोलावतीन आपल्याले.”

सुजाताने चहा गाळला. आईचा कप तिच्या हातात दिला, खाली सांडू नये म्हणून स्वतःचा हातही तिथेच धरून ठेवला, आणि म्हणाली, “हो आई. गरम आहे, फुंकून पी.”